हलशीला जायचं तर: देऊळ, बागा आणि शेवटची बस

मे महिना लागला की बेळगावात राहणाऱ्या प्रत्येकाला एक तरी फोन येतो. "अरे, तुमच्या बाजूला ते आंब्या-फणसांचं गाव आहे ना, जुनं देऊळ आहे तिथं, कसं जायचं?" विचारणारा पुण्याचा असतो, मुंबईचा असतो, हल्ली बंगळूरला नोकरी करणारा आपलाच भाचाही असतो. त्याला हवी असते ती बहुतेक वेळा खानापूर तालुक्यातली हलशी. माझी आत्या त्याच अंगाला, नंदगडजवळच्या एका वाडीत दिलेली. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथं गेल्या, आणि आता पाहुण्यांना फिरवून आणायचं कामही माझ्याच गळ्यात पडलंय. दर वेळी तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

पहिली अट: एका दिवसात एकच गाव. सकाळी हलशी, दुपारी देगावचं कमलनारायण देऊळ, मग कित्तूरचा वाडा आणि जमलं तर कणकुंबी, असा बेत घेऊन येणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणतो. दिवस गाडीत चढण्या-उतरण्यात जातो आणि फणस कापून खायला कुणापाशी वेळ उरत नाही. देगाव सोडून द्या असं नाही म्हणत. कदंबांचा राजा शिवचित्त पेर्माडी, त्याची राणी कमलादेवी, तिनं ते बाराव्या शतकात बांधून घेतलं. ते एवढं देखणं आहे की त्याला वेगळा दिवस द्यावा.

आधी महिना ठरवा

पावसाळ्यात जा, हिरवंगार असतं, असं सगळे सांगतात. असतं खरं. पण बेळगावातला पाऊस बघून खानापूरच्या पावसाचा अंदाज बांधू नका; पश्चिमेला घाटाकडं सरकाल तसा तो वाढत जातो. शिवाय जुलैत रोप लावायची घाई असते. अख्खं घर चिखलात उभं. तुमच्याशी बोलायला कुणी रिकामं सापडत नाही, आणि बागेत तेव्हा पानांशिवाय काही नसतं.

फळांसाठी यायचं तर एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेची अखेर. काजू त्याआधीच, फेब्रुवारी-मार्चात सुरू झालेला असतो आणि मेपर्यंत रेंगाळतो. एप्रिलात माळाच्या कडेनं करवंदं काळी पडायला लागतात. मेमध्ये आंबा, फणस आणि रातांबे (कोकमाची फळं) एकदमच येतात. जांभळं वळवाच्या आगेमागे. एकदा पाऊस नीट लागला की फणस पाणचट होतो, आंब्यात अळी पडते आणि आत्या म्हणते, "आता कशाला आलासा, गेल्या आठवड्यात याचं की!"

तारीख पक्की करण्याआधी गावातल्या कुणाला तरी फोन करून आणखी एक गोष्ट विचारा: गावात वार पाळताहेत का? आमच्याकडच्या बऱ्याच गावांत देवीच्या यात्रेआधी किंवा गावकीनं ठरवलं की काही आठवडे ठरावीक वारी शेतीची कामं बंद ठेवतात. त्या दिवशी बागेत पाऊल टाकायचं नाही. पाहुणा असलात तरी नाही. देऊळ बघता येईल, पण फळाला हात लावता येणार नाही आणि त्यावरून कुणाशी हुज्जतही घालू नका.

पोचायचं कसं

बेळगाव ते खानापूर सुमारे २५ किलोमीटर, गोव्याच्या रस्त्यावर. खानापुरातनं नंदगडमार्गे हलशी आणखी १४-१५. रेल्वेनं आलात तर मिरज-लोंढा मार्गावर खानापूर स्टेशन आहे, पण ते स्टेशन गाठून पुढं परत बसच पकडायची असते, त्यामुळे बेळगावातनंच बस धरलेली बरी. बेळगाव-खानापूर बसला तोटा नाही. खानापूर-हलशीला मात्र आहे.

बसवरची पाटी कन्नडमध्ये असते. वाचता येत नसेल तर पाटीकडं बघत उभं राहू नका, कंडक्टरला विचारा. खानापूर तालुक्यात मराठी सगळीकडं चालते, कंडक्टर कुठल्याही गावचा असला तरी "हलशी?" एवढं त्याला पुरतं. फार तर तो म्हणेल, "ही बिडीला जातीया, मागनं येतीय बघा तुमची." मागनं म्हणजे किती मागनं, हे विचारून काही उपयोग नसतो. बायकांना कर्नाटकच्या साध्या बसमध्ये जून २०२३ पासून तिकीट नाही, पण ती सवलत कर्नाटकातल्या रहिवाशांसाठी आहे. महाराष्ट्रातलं आधार कार्ड दाखवून वाद घालणारी मंडळी मी पाहिलीत. तिकीट काढा, सुटे पैसे जवळ ठेवा.

उतरल्या उतरल्या करायचं पहिलं काम म्हणजे परतीची शेवटची बस किती वाजता ते विचारणं. एकाला नव्हे, दोघांना. उत्तर वेगळं आलं तर आधीची वेळ खरी माना.

वाटेतल्या नंदगडला दहा-पंधरा मिनिटं थांबायला माझी हरकत नाही. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा, त्याला इंग्रजांनी १८३१ साली इथंच फाशी दिलं. त्याच्या समाधीवर मोठा वड आहे. लोक तिथं नवस बोलतात, त्यामुळे वडाखाली काही बांधलेलं, टांगलेलं दिसलं तर ते गंमत म्हणून हातात घेऊ नका.

बागेआधी देऊळ

क्रम असाच ठेवा. सकाळी साडेआठ-नऊला पोचलात की पहिल्यांदा भूवराह-नरसिंह देवळात जा. ऊन चढलं की अंगणातल्या फरश्यांवर अनवाणी पाय ठेववत नाही, हे एक कारण. दुसरं असं की सकाळी पुजारी असतात, आणि गावात तुम्ही कोण, कुठले, ही बातमी देवळातनंच फिरते. अकरा वाजता बागेच्या कुंपणाशी उभे राहाल तेव्हा तिथल्या माणसाला तुम्ही आधीच ठाऊक झालेले असता. याचा फायदा किती, ते पुढं कळेल.

देवळात शिरल्यावर नवख्यांची गडबड होते ती इथं: ते एका गाभाऱ्यात दर्शन घेतात आणि मागं वळून बाहेर पडतात. या देवळाला दोन गाभारे आहेत, एकमेकांच्या तोंडासमोर. मधल्या मंडपात उभं राहायचं, एकदा इकडं बघायचं, एकदा तिकडं. एका बाजूला भूवराह, जवळजवळ माणसाच्या उंचीचा. दुसऱ्या बाजूला बसलेली विष्णूची मूर्ती, आणि नरसिंहही त्याच गाभाऱ्यात. आत अंधार असतो. डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं गप्प उभं राहिलं की कडा दिसायला लागतात. मोबाइलचा झोत देवाच्या तोंडावर मारायची गरज नाही. फोटो काढायचा तर पुजाऱ्यांना विचारून.

देऊळ गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पण गाव त्याहून पुष्कळ जुनं. बनवासीच्या कदंबांची ही दुसरी राजधानी, तेव्हाचं नाव पलाशिका. पुढं त्याचं पलसिगे झालं, हलसिगे झालं आणि शेवटी हलशी. कन्नडमध्ये फणसाला हलसु म्हणतात. त्यामुळे फणसांचं गाव म्हणून हलशी, असं कुणीतरी मोठ्या खात्रीनं सांगतंच. मीही लहानपणी तेच समजत होतो. पण नावात पळस आहे, फणस नाही. जुन्या कन्नडमधल्या सुरुवातीच्या प चा पुढं ह झाला: पाल चं हालु झालं म्हणजे दूध, पळ्ळी चं हळ्ळी झालं म्हणजे खेडं, तसं पलशीचं हलशी. हे एवढं लक्षात ठेवलं तर कर्नाटकातल्या निम्म्या गावांच्या पाट्या वाचताना मजा येते.

याच हलशीत कदंबांचे ताम्रपट सापडले. पाचव्या शतकातल्या मृगेशवर्म्यानं वडिलांच्या स्मरणार्थ इथं बसदी, म्हणजे जैन देऊळ, बांधली आणि यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक अशा तीन जैन संघांना ३३ निवर्तनं (हे तेव्हाचं जमिनीचं माप) जमीन दिली, असा मजकूर त्यातल्या एकात आहे. जमीन कुठून कुठपर्यंत, तर या नदीपासून त्या संगमापर्यंत, हेही त्यात लिहिलंय. आमच्या मामांना (आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणतो) मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे बांधाची भांडणं तवापासनं हाईत तर."

गावात आणि आजूबाजूला सुवर्णेश्वर, कपिलेश्वर, गोकर्णेश्वर, हाटकेश्वर, कलमेश्वर अशी आणखी देवळं आहेत. सगळी बघायलाच हवीत असं नाही. वाटेत लागेल त्यात डोकवा. काहींची पडझड झाली आहे, तिथं दगडांवर चढू नका. खालचा दगड सुटा असतो आणि फटीत काय बसलंय ते दिसत नाही. शिलालेख दिसला तर अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यावर पीठ, खडू, तेल काही चोळू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात ती आपोआप दिसतात. गावापासून दोनेक किलोमीटरवर डोंगरात रामतीर्थ आहे. पाय धड असतील आणि सकाळ शिल्लक असेल तरच जा. दुपारी बाराला तो चढ अंगावर येतो.

बागेत शिरायचं कसं

आता मुद्द्याचं. हलशीत "बाग बघायचं ठिकाण" असं काही नाही. गेट नाही, तिकीट नाही, बोर्ड नाही. हलशी, नंदगड, पुढं जांबोटीपर्यंतच्या या सगळ्या पट्ट्यात आंबा, फणस, काजू ही झाडं परसात असतात, शेताच्या बांधावर असतात, डोंगराच्या उतारावर असतात, आणि प्रत्येक झाड कुणाचं तरी असतं. कुंपण नाही म्हणजे मोकळं रान, असं समजणारे शहरातले लोक गावाला नको होतात ते इथंच.

रस्त्याकडेच्या घरासमोर थांबा. अंगणातनंच हाक मारा, मावशी, काका, अक्का, वयाकडं बघून. पडवीत चढू नका. "कुठनं आलासा?" हा प्रश्न येणारच, त्याला नीट उत्तर द्या, नुसतं "पुण्याहून" पुरत नाही, मूळ गाव कुठलं, बेळगावात कुणाकडं उतरलात, हेही सांगावं लागतं. यात वेळ जातो असं वाटलं तर घड्याळ खिशात घाला. पाण्याचा तांब्या येईल, नाही म्हणू नका. चहाला एकदा नाही म्हटलेलं चालतं, दुसऱ्यांदा विचारलं की घ्यायचा. मग म्हणायचं, बाग बघायची होती. तोवर घरातलं एखादं पोर चपला घालून तयारच असतं.

पण मालकानं हो म्हटलं म्हणजे झालं, असंही नाही. आंब्याची बाग पुष्कळदा मोहोरातच व्यापाऱ्याला गुत्त्यानं दिलेली असते. पैसे आधी घेतलेले, फळ व्यापाऱ्याचं, जमीन फक्त मालकाची. मग झाडाखाली खोपट घालून राहणारा राखण्या असतो, हुकूम त्याचा चालतो. तेव्हा विचारून घ्या: "बाग घरचीच हाय की गुत्त्यानं दिलीया?" हा प्रश्न विचारलात की तुमच्याकडं बघायची समोरच्याची नजरच बदलते. गुत्त्याची असेल तर पडलेला आंबासुद्धा उचलू नका. घरची असेल तर खाली पडलेला रायवळ पोरं स्वतःहूनच तुमच्या हातात देतात. तो कापायचा नसतो. हातात चोळून मऊ करायचा, देठ काढून पहिला चीक पिळून टाकायचा आणि चोखायचा. देठाचा चीक न काढता चोखलात तर ओठाच्या कडा दोन दिवस चुरचुरतील.

फणस बघायचा तर विचारा, कापा की बरका? कापा म्हणजे कडक गऱ्यांचा, सुटे गरे कापडावर मांडता येतात तो. बरका गिळगिळीत, घशातनं सरकन जाणारा. शहरातल्यांना कापा आवडतो, आमच्या घरात बरक्यावरनं मारामारी होते. आत्या फणस फोडते तेव्हा आधी गोणपाट अंथरते, कोयत्याला आणि दोन्ही हातांना खोबरेल चोळते, देठाकडचा चीक काठीवर गुंडाळून घेते, आणि मग फणस मधोमध न कापता एका बाजूनं उकलत नेते. तेल न लावता हात घालायची हौस करू नका. तो चीक साबणानं निघत नाही, परत तेलच लागतं. आठळ्या टाकू नका. चुलीच्या निखाऱ्यात भाजून मिळाल्या तर त्या दिवशीचं जेवण विसराल.

काजूची बी दातानं फोडू नका

हे वेगळं लिहितोय कारण मी फोडली आहे. सातवीत होतो. झाडाखाली पिवळी, लाल बोंडं पडलेली, बोंडाला खाली लटकलेली करडी बी. बोंड खाल्लं, घसा बसला, तेवढ्यानं भागलं नाही म्हणून बी दाढेखाली धरली. टरफलात जे काळपट तेल असतं त्यानं ओठ, हनुवटी, बोटं भाजली. फोड आले, कातडं सोललं, आठवडाभर पेजेवर होतो. बी भाजल्याशिवाय किंवा सुरीनं नीट चिरल्याशिवाय आतला गर काढता येत नाही. ओले काजू सोलणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल लावूनच बसतात. भाजताना उठणारा धूरही डोळ्यांत जाऊ देऊ नका.

बोंड मात्र जरूर खा. मिठाचा कण लावून, हळूहळू. रस कपड्यावर सांडला तर डाग जन्मभराचा, म्हणून पांढरे शर्ट त्या दिवशी घरीच ठेवा.

काजूच्या बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, पँट आणि बूट. उन्हाळ्यात पालापाचोळ्यात गोचिडी असतात. माकडताप त्यांच्यातनंच पसरतो. हा आजार १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला आणि अलीकडं दोडामार्ग, सत्तरी अशा आमच्या शेजारच्या भागांत काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना झाला आहे. घाबरून जाऊ नका. पाचोळ्यावर बसू नका, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता गावात सांगा. परतल्यावर आठ-दहा दिवसांत जोराचा ताप आला तर डॉक्टरांना बागेत गेलो होतो हे आठवणीनं सांगा.

संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर बागेत थांबायचं नाही. भीमगड अभयारण्य याच तालुक्यात आहे, जंगल गावांना लागून आहे आणि फळं पिकलेली आपल्यालाच कळतात असं नाही. गवे येतात, अस्वलं येतात. फणसाच्या झाडाखाली ओरखडे दाखवले तर ते बघा आणि परत फिरा. मामा कंदील पेटवण्याआधी पोरांना घरात घ्यायचे, ते उगाच नव्हे.

विकत घेताना

पैसे रोख न्या. मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, आणि मावशीच्या कनवटीला क्यूआर कोड नसतो. आंबा काही घरी डझनावर देतात, काही शेकड्यावर. कुठला भाव सांगितला ते नीट ऐका. घासाघीस थोडी चालते, पण ज्या घरात चहा प्यालात त्या घरात नको. काजूबी किलोवर मिळते, वाळलेली आहे ना हे मुठीत घेऊन वाजवून बघा. ओली बी ठस्स वाजते. आमसुलं नव्या सालची मागा. आणि खानापुरात परतताना मातीची भांडी मिळाली तर घ्या. तिथली लाल माती कौलं आणि मडकी यांसाठीच नावाजलेली आहे, खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही तिथं आहे. मडकं बसमध्ये मांडीवरच घ्यावं लागतं, एवढं ध्यानात ठेवून घ्या.

जेवण सांगायचं असेल तर पोचल्या पोचल्या सांगा, बारा वाजता नव्हे. भाकरी, भात, आमटी, एखादी कच्च्या फणसाची भाजी. कितीही नको म्हणाले तरी जेवणाचे पैसे द्या. हातात देताना संकोच वाटला तर पोराच्या हातात ठेवा.

आंबे पिकलेले मागू नका. कच्चे, पण पाड लागलेले घ्या. ते घरी पोचेपर्यंत टिकतात. आत्या पेटीत खाली बोटभर पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, घालते, त्यावर आंबे देठ खाली करून लावते, परत पिंजर, परत आंबे. बेळगावात, पुण्यात पोचल्यावर पेटी उघडून ते भाताचं पिंजर कचऱ्यात टाकणारे लोक आहेत. टाकू नका. अंधाऱ्या खोलीत जमिनीवर तेच पसरा, आंबे एकाला एक न लावता मांडा, वरनं गोणपाट झाका. तिसऱ्या दिवसापासनं रोज सकाळी गोणपाटाखाली हात घालून बघा. वास आधी कळतो, रंग नंतर. एक नासका असला तर तो लगेच बाहेर काढा.